वाळवंट की बीळ? पाळीव वोमा अजगराच्या संगोपनाचा वाद

ऑस्ट्रेलियात घरी अजगर पाळणाऱ्यांना वोमाची ओळख करून द्यावी लागत नाही. फिकट तपकिरी अंगावर गडद पट्टे, निमुळतं डोकं, साधारण दीड मीटरची लांबी (क्वचित दोन मीटरच्या पुढे) आणि ‘सांभाळायला सोपा’ अशी ख्याती. ही ख्याती बऱ्याच अंशी खरीही आहे. वोमा चिवट असतो, पिंजऱ्यात पैदास करतो आणि वीसेक वर्षं सहज जगतो. तरीही त्याला ऊब कशी द्यावी, प्रकाश द्यावा का, खायला काय घालावं आणि जागा किती द्यावी, यांपैकी एकाही बाबतीत जाणत्या पाळणाऱ्यांचं आज एकमत नाही. हे वाद वरवर निरनिराळे दिसतात. जवळून पाहिलं तर त्यांतले बहुतेक एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. पेटीत नक्की काय उभं करायचं, वाळवंट की वाळवंटातलं बीळ?

प्राणी आणि त्याचं घर

१८८२ साली विल्यम जॉन मॅक्ले यांनी या सापाचं शास्त्रीय वर्णन केलं. ॲस्पिडाइट्स या वंशात दोनच जाती आहेत, वोमा आणि त्याचा उत्तरेकडचा भाऊ काळ्या डोक्याचा अजगर. बहुतेक अजगरांच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि अंधारात गरम रक्ताचं भक्ष्य त्यांना त्यावरूनच कळतं. या दोन जातींच्या ओठांवर तसले खळगे नाहीत. ज्याच्या आहारात सरड्यांचा वाटा मोठा आहे आणि ज्याची शिकार बरीचशी बिळात चालते, त्याला त्यांची गरज उरली नसावी, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनंगू लोकांना हा साप कुनिया म्हणून फार आधीपासून ठाऊक आहे. उलुरूच्या पायथ्याशी मुतित्जुलू पाणवठ्याजवळ कुनिया आणि विषारी लिरू यांच्या झुंजीची कथा आजही सांगितली जाते, आणि खडकावरच्या खुणा त्या झुंजीच्या मानल्या जातात.

वोमाचं वाळवंट मात्र आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं उघड्या वाळूचं नाही. उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग इतका तापतो की त्यावर कुठलाच साप फार वेळ टिकणार नाही. वोमा तेव्हा जमिनीखाली असतो, सरड्यांच्या किंवा सशांच्या बिळात, नाहीतर डोक्याचा फावडा करून स्वतः रुंद केलेल्या भोकात. रात्री तो बाहेर पडतो. बिळात शिकार सापडली तर वेटोळं घालायला जागा नसते, म्हणून अंगाचा एक वळसा भिंतीशी रेटून तो भक्ष्य दाबून मारतो. या पद्धतीत भक्ष्याला चावायला वेळ मिळतो, त्यामुळे रानातल्या प्रौढ वोमांच्या अंगावर जुन्या जखमांचे व्रण दिसतात. शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून सरड्याला जवळ बोलावण्याची युक्तीही त्याला अवगत आहे.

या चित्रात एक भर २०१३ साली पडली. मेलिसा ब्रुटन यांनी क्वीन्सलँडमध्ये रेडिओ ट्रान्समीटर लावलेल्या वोमांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत वोमा माती उकरताना दिसले हे अपेक्षितच होतं, पण ते झाडांवर चढतानाही दिसले आणि दबा धरून न बसता हिंडून भक्ष्य शोधतानाही दिसले. पाळणाऱ्यांच्या जुन्या पुस्तकांतला ‘जमिनीवरचा, आळशी’ वोमा या नोंदींत नीट बसत नाही. असे अभ्यास थोडे आहेत आणि पुढच्या सगळ्या वादांना ही उणीव चिकटलेली आहे. वोमा पेटीत कसा जगतो याची माहिती अमाप आहे, रानात कसा जगतो याची मोजकीच.

कायद्याची चौकट

ऑस्ट्रेलियात वोमा पाळणं कायदेशीर आहे, पण परवान्याशिवाय नाही. परवाना राज्य सरकार देतं आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या एखाद्या हौशी मुलाला वोमा पाळायचा असेल, तर त्यालाही हीच वाट. उलट बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक हे जगभर सर्वाधिक पाळले जाणारे परदेशी साप ऑस्ट्रेलियात खासगी घरी ठेवता येत नाहीत. देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारासाठी जिवंत निर्यातही बंद आहे. १९८२चा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९९९चा पर्यावरण कायदा, दोन्हींनी हे दार लावून घेतलं. युरोप-अमेरिकेत आज विकले जाणारे वोमा म्हणूनच तिथेच जन्मलेल्या पिढ्यांतले असतात. मूळ जोड्या किती आणि कुठल्या भागातल्या होत्या, याची कागदपत्रं फारशी स्वच्छ नसतात.

भारतातलं चित्र याहून कडक आहे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा तो घरी पाळण्याचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या भागातलं मांडूळ हेही बिळात राहणारं बिनविषारी जनावर, पण अंधश्रद्धेपायी त्याची चोरटी विक्री होते आणि तो गुन्हा आहे. परदेशी अजगरांबाबत कायद्यात पोकळी होती. २०२०मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. २०२२च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (साइट्स) परिशिष्टांतल्या जाती कायद्याच्या कक्षेत घेतल्या आणि २०२४च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. सगळे अजगर त्या परिशिष्टांत येतात. डिसेंबर २०२३मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक जप्त केले. मागणी कुठवर पोचली आहे, हे त्यावरून कळतं.

ऊब: वरून की खालून?

एका मुद्द्यावर सर्वांचं एकमत आहे. पेटीच्या एका टोकाला ऊब हवी, दुसरं टोक थंड हवं आणि उष्णतेचं कुठलंही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. ऊबदार जागी साधारण ३२ ते ३४ अंश, थंड टोकाला २५च्या आसपास, रात्री त्याहून थोडं कमी, हे आकडे थोड्या फरकाने सगळीकडे आढळतात. वाद आहे तो ही ऊब यावी कुठून याचा.

जुनी पद्धत हीट मॅटची. तिच्या बाजूने सांगितलं जातं की वोमा निशाचर आहे, तो तापलेल्या जमिनीला पोट टेकून ऊब घेतो. रात्री डांबरी रस्त्यावर साप येऊन पडतात ते त्यासाठीच. मग खालून ऊब देणं निसर्गाला धरूनच झालं. शिवाय मॅट स्वस्त आणि वीज कमी खाणारी.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो बिळापासून सुरू होतो. रानात वोमा उकाड्यापासून सुटायला खाली जातो, जितकं खोल तितकं गार. मॅटवर वाळूचा जाड थर घातला की हा नियम उलटा होतो, साप गारव्यासाठी उकरत जातो आणि तळाला चटका बसतो. म्हणून हे लोक वरून हॅलोजनचा दिवा लावतात. त्याची अवरक्त किरणं अंगात अधिक खोलवर जातात आणि उकरण्याची दिशाही नैसर्गिक राहते. यावर मॅटवाले म्हणतात की दिवसभर लपून बसणाऱ्या सापाला दिव्याचा उपयोग काय? याला उत्तर म्हणून थंडीच्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी ऊन घेणाऱ्या वोमांच्या नोंदी पुढे केल्या जातात. दोन्ही पद्धतींत वाढलेले, वर्षानुवर्षं धडधाकट असलेले वोमा आहेत, आणि दोन्हींची शेजारी-शेजारी शिस्तशीर तुलना झालेली नाही. मॅट वापरायची तर ती थराखाली न घालता पेटीच्या भिंतीला लावावी, ही तडजोड हळूहळू रुळते आहे.

ओल

वाळवंटी साप म्हणजे पेटी कोरडी ठणठणीत, हा सल्ला दीर्घकाळ चालत आला. त्यामागे भीती होती श्वसनमार्गाच्या संसर्गाची. ओल वाढली की वोमाला न्यूमोनिया होतो, असं मानलं जाई. ही समजूत निराधार नाही. हवा न खेळणाऱ्या दमट पेटीत जंतू वाढतातच.

पण २०१४ साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संशोधकांनी न्यूमोनिया झालेल्या अजगरांत निडोव्हायरस गटातले विषाणू शोधून काढले, आणि अजगरांच्या श्वसनरोगाकडे पाहण्याची नजर बदलली. ‘ओलीमुळे सर्दी’ म्हणून नोंदलेल्या किती जुन्या रोग्यांना खरं म्हणजे विषाणूची बाधा होती, हे आता सांगता येणार नाही. पशुवैद्य म्हणूनच नव्या सापाला काही महिने वेगळं ठेवून तपासणी करण्यावर भर देतात, आणि आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा हा नियम मला कितीतरी मोलाचा वाटतो.

दुसरीकडे, अति कोरड्या पेटीत कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरच्या टोप्या अडकून बसतात. बिळातली हवा वरच्या हवेपेक्षा दमट असते, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. आज बहुतेक अनुभवी पाळणारे पेटी एकंदर कोरडी ठेवतात आणि एका झाकलेल्या डब्यात ओलसर मॉस किंवा नारळाचा भुसा ठेवतात. कुठे बसायचं ते सापाने ठरवावं. या मुद्द्यावरचा वाद जवळजवळ मिटल्यात जमा आहे.

अतिनील प्रकाश

इथला वाद मात्र ताजा आहे. सरड्यांना ‘ड’ जीवनसत्त्वासाठी अतिनील-ब किरणांची गरज असते हे सर्वमान्य आहे. साप अख्खा उंदीर गिळतो, त्याच्या यकृतातून हे जीवनसत्त्व मिळतं, म्हणून सापाला दिवा नको, असा जुना नियम. निशाचर सापाला तर नकोच नको.

प्रयोगांनी या नियमाला छेद दिला, पण सरळ नाही. २००८मध्ये कॉर्न स्नेकवर केलेल्या अभ्यासात अतिनील दिव्याखाली रक्तातल्या ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी वाढली. २०१३मध्ये बॉल पायथनवर केलेल्या अभ्यासात ठळक फरक आढळला नाही. २०१८मध्ये बर्मी अजगरांत ती पुन्हा वाढलेली दिसली. वोमावर असा प्रयोग माझ्या वाचनात नाही, आणि दोन अजगरच जर परस्परविरुद्ध उत्तरं देत असतील, तर तिसऱ्याबद्दल अंदाज बांधणं धाडसाचं. शिवाय पातळी वाढणं आणि त्यामुळे प्राणी निरोगी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध झालेली नाही.

गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचे त्यांच्या ऊन घेण्याच्या सवयीनुसार चार पट्टे पाडले. २०१६मध्ये फ्रान्सिस बेन्स आणि सहकाऱ्यांनी २५४ जातींसाठी या पट्ट्यांवर आधारित मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. या पद्धतीत सावलीत आणि तिन्हीसांजेला वावरणाऱ्या प्राण्यांनाही सौम्य अतिनील प्रकाश सुचवला जातो. समर्थकांचं म्हणणं आहे की सौम्य दिवा आणि लपायला अंधारी जागा दोन्ही असली तर तोटा काहीच नाही. विरोधकांना हा अनावश्यक खर्च वाटतो, आणि फिकट रंगांच्या निवडक पैदाशीतल्या सापांच्या डोळ्यांची त्यांना काळजी वाटते.

आहार: भूक फार, गरज कमी

वोमाची पिल्लं आणि प्रौढ यांच्या तक्रारी अगदी उलट्या. अंड्यातून निघालेली पिल्लं रानात बहुधा छोट्या सरड्यांवर जगतात. उंदराचं गुलाबी पिल्लू समोर ठेवलं तर अनेक जण तोंड फिरवतात. मग ते सरड्याच्या कातीला घासून वास लावून द्यायचं, अशी युक्ती पैदास करणारे वापरतात. रानातले सरडे पकडून देणं ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे, आणि त्यातून परजीवीही येतात.

एकदा उंदराची चटक लागली की मात्र वोमाला आवरावं लागतं. दार उघडलं की झेप, हात दिसला की झेप, पाण्याच्या वाटीवरही झेप. म्हणून पेटीत हात घालण्याआधी हुकने अंगाला हलका स्पर्श करून ‘जेवण नाही’ हे कळवण्याची सवय लावतात. ही आक्रमकता नसून भूक आहे, असं पाळणारे सांगतात, आणि चावा घेतल्यानंतर साप आवळत बसतो हे पाहिलं की ते पटतं.

वाद आहे तो किती घालावं याचा. गोठवून विरघळवलेला उंदीर हा आज सर्रास वापरला जाणारा आहार. जिवंत उंदीर सापालाही चावतो आणि त्या उंदराच्या हालांचा प्रश्न आहेच, त्यामुळे त्या पद्धतीचे समर्थक आता फारसे उरले नाहीत. पण प्रयोगशाळेत पोसलेला उंदीर सरड्यापेक्षा चरबीदार असतो. मागेल तेवढं दिलं तर वोमा फुगतो आणि यकृतात चरबी साचते. पैदास करणाऱ्यांना मादी लवकर मोठी व्हायला हवी असते, त्यामुळे ते अधिक वेळा खाऊ घालतात. पशुवैद्य आणि घरगुती पाळणारे प्रौढाला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे म्हणतात. काही जण वर्षाच्या ऋतूंप्रमाणे मुद्दाम लांब उपास ठेवतात, अधूनमधून लावा पक्षी देऊन फेरपालट करतात. कोणत्या पद्धतीने साप अधिक जगतो हे ठरवायला वीस वर्षं थांबावं लागेल, आणि तितका धीर धरून नोंदी ठेवणारे कमीच.

जागा: सगळ्यात तिखट प्रश्न

बाकीच्या मुद्द्यांवर लोक तापमानमापक घेऊन भांडतात, इथे नीतीचा प्रश्न येतो. व्यावसायिक पैदास करणारे साप उथळ प्लास्टिकच्या खणांत ठेवतात. एका कपाटात असे डझनावारी खण. त्याला रॅक म्हणतात. त्यांचा मुद्दा असा की बिळात राहणाऱ्या प्राण्याला अरुंद, अंधारी जागाच सुरक्षित वाटते. मोठ्या उघड्या पेटीत तो बिथरतो, खाणं सोडतो. खणातले साप खातात, वाढतात, अंडी घालतात, मग त्यांना दुःख आहे असं कशावरून म्हणायचं?

याला आव्हान ब्रिटनमधून आलं. क्लिफर्ड वॉर्विक आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या ६५ सापांचं प्रत्येकी तासभर निरीक्षण केलं. त्यांपैकी २४ साप त्या तासात सरळ किंवा जवळपास सरळ अंग ताणलेल्या स्थितीत दिसले. ज्या पेटीत साप पूर्ण लांब होऊ शकत नाही ती अपुरी, असा त्यांचा निष्कर्ष, आणि ब्रिटनमधली आरएसपीसीए ही संस्थाही पेटीची लांबी सापाच्या लांबीहून कमी नसावी असं सांगते. टीकाकार म्हणतात की अंग ताणणं दिसलं म्हणून ती गरज आहे हे सिद्ध होत नाही, आणि वॉर्विक यांची विदेशी प्राणी पाळण्याविरुद्धची भूमिका जगजाहीर आहे. भूमिका माहीत असणं उपयोगाचं, पण २४ हा आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही. खण वापरणाऱ्यांचा धंदा तरी कुठे तटस्थ आहे?

लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकवर २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मोठ्या पेटीतले साप अधिक हालचाल करताना दिसले, आणि निवडीची संधी मिळाली तेव्हा त्यांचा कल मोठ्या जागेकडे दिसला. त्याआधी १९९९मध्ये डेव्हिड होल्ट्झमन यांनी कॉर्न स्नेकची पिल्लं सुटकेचं बीळ कुठे आहे हे शिकून लक्षात ठेवतात, हे दाखवून दिलं होतं. गॉर्डन बर्गहार्ट यांनी बंदिस्त सरपटणाऱ्या प्राण्यांच्या स्थितीला ‘नियंत्रित वंचना’ म्हटलं आहे. जगवण्यापुरतं सगळं मिळतं, बाकीचं काढून घेतलेलं असतं. पैदास होते म्हणजे सगळं ठीक, या युक्तिवादाला हे एक ठोस उत्तर आहे.

वोमाच्या बाबतीत मला वाटतं, दोन्ही बाजू बिळाचा अर्धाच विचार करतात. खण वापरणारे बिळाची अरुंदी घेतात, पण वोमा बीळ खणतो, बदलतो आणि रात्री ते सोडून दूर जातो, हे विसरतात. मोठ्या पेटीचे पुरस्कर्ते लांबी-रुंदी मोजतात, पण थर दोन बोटांचा ठेवतात आणि त्यात वोमाला डोकं खुपसण्यापलीकडे काही करता येत नाही. १२० बाय ६० सेंटीमीटरची पेटी बाजारात प्रौढ वोमासाठी सर्रास सुचवली जाते. दीड मीटरच्या सापाला ती सरळ व्हायला अपुरी आहे, आणि तळाला वाळू-माती एकत्र दाबून वीसेक सेंटीमीटरचा थर दिला तर तिचं वजन साध्या टेबलाला पेलत नाही. पोकळ वाळू बीळ धरत नाही, चिकणमाती मिसळली तर धरते. अशा जाड थरात साप दिवसेंदिवस दिसत नाही, आणि अनेकांची खरी अडचण तीच असते. दाम मोजून आणलेला अजगर पाहुण्यांना दाखवता येत नाही. किती खोल थर पुरेसा, यावर नियमावल्यांत फारसं काही सापडत नाही. लांबी-रुंदीवर पानंच्या पानं आहेत.

पेटीतून रानाकडे

पाळीव वोमांची पैदास संवर्धनाला उपयोगी पडते का, हा प्रश्न पाळणारे अभिमानाने मांडतात आणि जीवशास्त्रज्ञ सावधपणे ऐकतात. जागतिक लाल यादीत वोमा एकेकाळी ‘धोक्यात’ म्हणून नोंदला होता, आता तो ‘किमान चिंतेच्या’ गटात आहे. पण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडच्या गव्हाच्या पट्ट्यात शेतीसाठी रान साफ झालं आणि तिथला वोमा जवळजवळ नाहीसा झाला.

२००७मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळच्या ‘ॲरिड रिकव्हरी’ या कुंपणबंद राखीव क्षेत्रात बंदिस्त पैदाशीतले नऊ वोमा सोडण्यात आले. कोल्हे आणि मांजरं कुंपणाबाहेर होती. तरी चार महिन्यांच्या आत नऊही वोमा गेले. बहुतेकांना तिथल्याच मल्गा सापाने, म्हणजे देशी विषारी किंग ब्राउनने, खाल्लं असावं, असा निष्कर्ष २०११च्या अहवालात आला.

त्या नऊ वोमांना मल्गा सापाचा वास ओळखता येत होता का, आणि येत असता तर ते वाचले असते का, हे त्या प्रयोगातून कळत नाही. नऊही बंदिस्त पैदाशीतलेच होते. पुढच्या वेळी वोमा सोडायचे झाले तर काही जण खोल थरात स्वतः बीळ खणत वाढलेले आणि काही खणांत वाढलेले असावेत, आणि दोघांच्याही अंगात ट्रान्समीटर असावा. घरगुती पेटी कशी असावी या वादालाही तेव्हा पहिल्यांदाच रानातून काही उत्तर येईल.